मोझार्टसारखं वाजवून दाखव

प्रसिद्ध चाल दुसऱ्याच संगीतकाराच्या शैलीत ऐनवेळी वाजवणं म्हणजे मैफलीच्या शेवटी टाळ्या घेणारी करामत, असं आपल्याकडे मानतात. मी दादरला मुलांना पियानो शिकवते आणि मला हे मुळीच पटत नाही. एखादा संगीतकार आपल्याला किती कळला, हे तपासायला यापेक्षा कडक कसोटी नाही.

बीथोवनच्या नवव्या सिंफनीतली सर्वांना ठाऊक असलेली चाल घ्या. गंधारावर सुरू होते, पंचमापर्यंत चढते, पायरीपायरीने षड्जावर उतरते; जवळजवळ सगळा प्रवास पाच स्वरांतला. ‘ही बाखसारखी वाजव’ म्हटलं की बहुतेक मुलं तिच्यावर ट्रिल, म्हणजे दोन लगतच्या स्वरांचा थरथराट, चढवतात. मी म्हणते, ट्रिल काढ, आता बाख उरला का? उरत नाही. बाखचा डावा हात नुसती साथ करत बसत नाही. उजव्याने चाल मांडली की डाव्याने तीच चाल पंचमावरून उचलायची, आणि तेवढ्या वेळात उजव्याला तिच्याशी जुळणारं, तरीही स्वतःचं काही म्हणायचं असतं. माझ्या एका विद्यार्थिनीला या खटपटीत सापडलं की चाल उलटी केली, चढ तिथे उतार घेतला, तरी ती ओळखू येते. हे मी तिला सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिने बाखचं पान उघडलं तेव्हा ती उलटी चाल स्वतःच शोधू लागली.

शोपँचं वळण वेगळं. डाव्या हाताचा एक खोल स्वर, मग वरचे कॉर्ड, पेडल धरलेलं. चाल दुसऱ्यांदा आली की तिच्यात बारीक स्वर गुंफलेले हवेत. चालीखालचे कॉर्डही बदलावे लागतात, हे मुलांना सगळ्यात उशिरा सुचतं.

आज ज्यांचं संगीत आपण छापील कागदावरून जपून वाजवतो, त्यांतले बरेच जण उपज करणारे होते. १७४७ साली पॉट्सडॅमला राजा फ्रेडरिकने दिलेल्या चालीवर बाखने तिथल्या तिथे फ्यूग, म्हणजे एकच चाल एकामागून एका आवाजात फिरवणारी रचना, वाजवला. मोझार्टच्या १७८५च्या डी मायनर कॉन्चर्टोत वाद्यवृंद थांबतो आणि पियानोवादक एकटा मोकळा सुटतो. त्या जागेसाठी, म्हणजे कडेंझासाठी, मोझार्टने लिहिलेलं काही आज उपलब्ध नाही. पुढे बीथोवनने ती लिहिली. मला ती फार आवडते, पण तिच्यात मोझार्टच्या चाली बीथोवनच्या आवाजात बोलतात. त्याच बीथोवनने १८०९च्या ‘एम्परर’ कॉन्चर्टोत मात्र वादकाला स्वतःची कडेंझा घालायला मनाई केली आणि सगळं लिहून दिलं.

म्हणून पियानोवादक रॉबर्ट लेव्हिन यांच्याबद्दल मला विलक्षण आदर आहे. मोझार्टच्या कॉन्चर्टोंमधल्या कडेंझा ते मंचावर, श्रोत्यांसमोर रचतात, आणि त्या मोझार्टच्याच व्याकरणात असतात. व्हेनेझुएलाच्या पियानोवादक गॅब्रिएला मोंतेरो श्रोत्यांनी सुचवलेल्या चालीवर उपज करतात. दोघांनाही चूक होण्याचा धोका पत्करावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला तो जाणवतो.

मराठी श्रोत्याला हे परकं वाटू नये. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम मांडला, तेव्हा त्यांनी बालगंधर्वांचा गळा उचलला नाही. त्या गाण्यामागचा विचार उचलला.

आमच्या पियानोच्या वर्गांत मात्र वर्षभर परीक्षेचे ठरलेले तुकडे घोटले जातात. मूल पाचवी ग्रेड पास होतं आणि कागद काढून घेतला की त्याचे हात थांबतात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, दर तासातली दहा मिनिटं अशा उपजेसाठी राखा. पालक विचारतील, याला मार्क किती? नसतील तर नसोत. सुरुवात मोझार्टपासून करा. त्याची वाक्यं बरेचदा चार-चार बारांची असतात, प्रश्न आणि उत्तर अशी, आणि आठ वर्षांच्या मुलालाही प्रश्न वाजवून दाखवला की उत्तर सुचतं.