बाळंतिणीची झोप

पोटच्या लेकरांचा जीव घेणाऱ्या स्त्रीची बातमी वाचली की ‘ही आई की वैरीण?’ असे म्हणून आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. वाचकहो, आज त्याच पानावर आपण थोडे थांबावे. कारण बाळंतिणीच्या खोलीत डॉक्टरांपेक्षा आजीचा आणि सासूचा वावर अधिक असतो.

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात २० जून २००१ रोजी अँड्रिया येट्स या मातेने आपल्या पाचही मुलांना स्नानाच्या टबात बुडवून मारले. थोरला सात वर्षांचा, धाकटी सहा महिन्यांची. पोलिसांना दूरध्वनी तिनेच केला. चौथ्या बाळंतपणानंतर तिने आत्महत्येचा प्रयत्न केला होता आणि पुन्हा मूल झाल्यास आजार उलटेल, अशी सूचना डॉक्टरांनी दिली होती. पाचवी मुलगी झाली आणि आजार उलटला. घटनेच्या काही दिवस आधी भ्रम आवरणारे औषध थांबले होते. त्या सकाळी पती कामावर गेला. तासाभराने सासूबाई यायच्या होत्या. तो मधला तास घातक ठरला.

आपण वाईट आई आहोत, मुले नरकात जाणार, आताच मारले तरच त्यांचा आत्मा वाचेल, अशी तिची पक्की समजूत झाली होती. त्या आजारी मनाला ते कृत्य वात्सल्याचेच वाटत होते. २००२ मध्ये तिला जन्मठेप झाली. सरकारी बाजूच्या तज्ज्ञाची साक्ष चुकीची ठरल्याने २००५ मध्ये तो निकाल रद्द झाला, आणि २००६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने वेडसरपणाच्या कारणास्तव तिला निर्दोष ठरवले. तुरुंगाऐवजी तिची रवानगी मनोरुग्णालयात झाली. इंग्लंडमध्ये अशा मातांसाठी १९२२ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही, मनोविकृतीचा सर्वसाधारण बचाव तेवढा आहे.

अशी प्रत्येक माता आजारी असते, असे मी म्हणणार नाही. दारिद्र्य, छळ, लोकलज्जा यांतूनही असे घडते. उलट, हा आजार जडलेल्या बहुसंख्य माता बाळाला कोणतीही इजा करत नाहीत. परंतु हजार बाळंतिणींपैकी एक-दोघींना होणारी ही प्रसूतिपश्चात मनोविकृती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उद्भवते, म्हणजे शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू चालू असतानाच.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणे सामान्य आहे. ते आठ-दहा दिवसांत ओसरते. मात्र बाळ गाढ झोपले असूनही तिला रात्र-रात्र झोप लागत नसेल, ती असंबद्ध बोलत असेल, कानी आवाज येतात, बाळ बदलले आहे किंवा त्याच्यावर संकट आहे असे म्हणत असेल, तर दृष्ट काढण्यात दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. तोवर तिला बाळासह क्षणभरही एकटे सोडू नये आणि रागावूही नये. ‘तुझ्या मनात स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भलते विचार येतात का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. टेली-मानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक चोवीस तास चालू असतो.

उपचारांनी या स्त्रिया बऱ्या होतात. औषध मात्र परस्पर थांबवू नये. अंगावर पाजण्याविषयीही डॉक्टरांनाच विचारावे. सून पुन्हा गरोदर राहिली, तर हा पूर्वेतिहास पहिल्याच भेटीत प्रसूतितज्ज्ञांना सांगावा. लाजेखातर तो दडवणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.