व्हाइट माउंटनची वाट आणि सुटकेचं बिल

मंडळी, फॉल आला की बॉस्टनकडची आपली कुटुंबं व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टमध्ये दिवसाच्या हाईकला निघतात. माउंट लाफायेत सुमारे ५,२५० फूट, म्हणजे कळसूबाईहून ठेंगणाच! पण माथ्यावर झाडी नाही, आणि ऑक्टोबरातही बर्फ गाठू शकतो.

निष्काळजीपणामुळे अडकलात, तर न्यू हॅम्पशायर राज्य २००८ पासून सुटकेचा खर्च वसूल करू शकतं. २०१५ मध्ये ३५ डॉलरला सुरू झालेलं कौटुंबिक 'हाईक सेफ' कार्ड त्यातून सूट देतं. जाणूनबुजून धोका पत्करला तर मात्र नाही.

बिलाच्या धास्तीने लोक मदत उशिरा मागतील, हा बचाव पथकांचा आक्षेप रास्तच आहे. तेव्हा कार्ड, हेडलॅम्प, गरम कपडे घ्या. आणि अडकलात तर बिलाचा विचार न करता लगेच ९११ फिरवा.