स्तोत्रांना कात्री लावू नका

आज जरा रागानेच लिहिते आहे. नातेवाईक मंडळींनी सांभाळून घ्यावं.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. आपल्या उपासनेत मात्र फिरून फिरून दहा-पंधराच कानावर येतात. मेंढपाळाचं २३ वं, डोंगरांकडे पाहणारं १२१ वं, उपकार आठवणारं १०३ वं. सुंदरच आहेत, मलाही पाठ आहेत. पण या संग्रहाचा साधारण एक तृतीयांश भाग विलापाचा आहे. त्यात माणसं देवाला जाब विचारतात, झोपलास का म्हणून त्याला हलवतात, शत्रूला शाप देतात. ही स्तोत्रं जातात कुठे?

कात्रीखाली! आणि ही कात्री जुनी आहे. जॉन वेस्ली यांनी १७८४ साली अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी उपासनेचं पुस्तक काढलं, तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या तोंडी शोभत नाहीत म्हणून कितीतरी स्तोत्रं गाळली. रोमन कॅथलिक चर्चच्या दैनिक प्रार्थनेचं नवं पुस्तक १९७१ साली आलं. त्यातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं अख्खी गेली. १३९ व्या स्तोत्रातली १९ ते २२ ही वचनं गेली, १३७ व्याचा शेवट गेला. म्हणणाऱ्याच्या मनाला जड जातात, हे कारण.

आता गंमत बघा. यहूदाच्या जागी दुसरा प्रेषित नेमायची वेळ आली तेव्हा पेत्राने आधार घेतला तो याच १०९ व्या स्तोत्राचा (प्रेषितांची कृत्ये १:२०). पेत्राला चाललं, आपल्याला चालत नाही!

१३७ वं स्तोत्र घ्या. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं. १९७८ साली बोनी एम.ने त्याची सुरुवात डिस्कोच्या ठेक्यावर जगभर नाचवली. शेवट अर्थातच त्यात नाही. शेवटी ते लोक बाबेलच्या तान्ह्या बाळांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतात. वाचताना अंगावर काटा येतो. यायलाच हवा. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, माणसं हाकत नेली. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांचा हा आवाज आहे.

ओरिगेन, ऑगस्टीन यांच्यासारख्या आचार्यांनी इथे वेगळी वाट काढली. बाळं म्हणजे मनात नुकते उगवलेले वाईट विचार, खडक म्हणजे ख्रिस्त. हुशारी खरी! पण पोटचं मूल गमावलेल्या यरुशलेमच्या आईचं काय? तिचं रडणं आपण रूपकात गुंडाळून ठेवलं. कात्रीने ओळ जाते, रूपकाने माणूस जातो.

"पण बाई, येशूने शत्रूवर प्रीती करायला सांगितलं ना?" हो, सांगितलं. ती आज्ञा मोडा असं मी म्हणत नाही. पण ही स्तोत्रं नीट वाचा. म्हणणाऱ्याच्या हातात तलवार नाही. तो आपला सूड देवाच्या पायाशी टाकतो आणि म्हणतो, तू बघ. राग देवाला सांगून टाकणं आणि राग हाताने काढणं यात फरक आहे. बलवान माणूस ही वचनं दुबळ्यावर फेकतो, तेव्हा ती विष होतात, हेही खरं. म्हणून तर ती कुणाच्या तोंडची आहेत हे प्रवचनात सांगायला हवं. गाळून ते कसं कळणार?

डीट्रिख बोनहोफर यांनी जुलै १९३७ मध्ये ५८ व्या स्तोत्रावर प्रवचन केलं. नाझी राजवटीत पाळकांची धरपकड चालू होती. त्यांनी एक शब्द गाळला नाही. असा शाप उच्चारण्याइतके निर्दोष आपण नाही. ही प्रार्थना निर्दोष ख्रिस्ताचीच असू शकते, आणि देवाचा तो न्याय वधस्तंभावर त्याने स्वतः सोसला, असा त्यांचा अर्थ. स्तोत्र ख्रिस्तापर्यंत न्यायचं तर असं, त्यातला काटा न काढता.

आणि ८८ वं? बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार. एका तरुण मुलाच्या अंत्यविधीला मी गेले होते. प्रवचनभर आनंद करा, आभार माना. आई पहिल्या बाकावर दगडासारखी बसलेली. तिच्यासाठी ८८ वं स्तोत्र अडीच हजार वर्षांपूर्वीपासून लिहून ठेवलेलं होतं. कुणी उघडलं नाही. रडली तर विश्वास कमी पडला असं ठरेल, या धाकाने ती माउली रडलीही नाही.

वॉल्टर ब्रूगमन यांनी १९८६ च्या एका लेखात बजावलं होतं: विलाप गेला की देवाला न्यायाचा प्रश्न विचारणंही जातं. उरते ती हांजी हांजी. जनाबाई-तुकोबांचं विठ्ठलाशी भांडण ऐकत वाढलेल्या आपल्या मराठी मंडळीला हे समजावून सांगावं लागू नये.

वधस्तंभावर येशूच्या ओठी आला तो २२ व्या स्तोत्राचा आरंभ, टाकून दिलेल्या माणसाचा. तिथेही प्रवचनकार घाईने सांगतात, "अहो, त्या स्तोत्राचा शेवट गोड आहे." असेल. पण आधी ती हाक ऐकू द्या की!

पाळक मंडळींना हात जोडून सांगणं एवढंच: स्तोत्र पूर्ण वाचा. कोण रडतंय ते आधी सांगा, ख्रिस्ताकडे मग या. आणि पुढच्या शुभ शुक्रवारी ८८ वं एकदा मोठ्याने वाचून खाली बसा. त्यावर एक शब्दही बोलू नका.