आठवण एकाच ठिकाणी ठेवा

ओपीडीत हल्ली मी आवर्जून विचारतो, ‘‘पुढची तारीख कुठे लिहून ठेवता?’’ पूर्वी बहुतेकांचे उत्तर भिंतीवरचे कॅलेंडर हेच असे. आता केसपेपर, स्वतःचा फोन आणि मुलाचा लॅपटॉप अशी तीन उत्तरे एकाच घरातून येतात. तिन्हीकडे एकच तारीख असेल, असे मात्र नाही.

कुत्रा चावल्यावर सरकारी रुग्णालयात त्वचेत दिल्या जाणाऱ्या रेबीजच्या लसीचे दिवस ठरलेले आहेत: ०, ३, ७ आणि २८. पहिले तीन डोस भीतीपोटी वेळेवर होतात. अठ्ठाविसावा दिवस येईपर्यंत जखम भरलेली असते आणि तो डोस राहून जातो. अशा वेळी फोनने आठवण करून दिली तर उत्तमच. पण तारीख ऑफिसच्या संगणकावर टाकली आणि तो दिवस रविवार निघाला, तर त्या आठवणीचा उपयोग काय?

याच्या उलटही घडते. एकच नोंद दोन खात्यांत गेली की आठवण दोनदा वाजते. ज्यांना ‘मघाशी घेतली की नाही’ हेच आठवत नाही, अशा आजोबांनी मधुमेहाची गोळी दुसऱ्यांदा घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. नोंद करताना ‘दर आठवड्याला’ऐवजी ‘रोज’वर बोट पडले, तर तोंड येण्यापासून रक्तपेशी कमी होण्यापर्यंत काहीही होऊ शकते. जिवावरही बेतते.

नोंद ‘फक्त या फोनवर’ साठवली असेल तर ती संगणकावर कधीच दिसणार नाही. ती ईमेलच्या खात्यात साठवली पाहिजे. मग त्या खात्याने उघडलेल्या प्रत्येक यंत्रावर ती पोहोचते. तेव्हा घराचे एक खाते ठरवा आणि नवी नोंद आपोआप त्यातच जाईल असे सेटिंग करा. बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे ही देवाणघेवाण थांबते, हेही ध्यानात ठेवा. अँटिबायोटिक पाच दिवसांचे असेल तर नोंदीला शेवटची तारीख घाला, नाहीतर बंद झालेले औषध महिनाभर वाजत राहते.

मुले परदेशी असलेल्या घरांत एक वेगळाच घोळ होतो. कॅलिफोर्नियातला मुलगा आईच्या थायरॉइडच्या गोळीची आठवण आपल्या वेळेनुसार संध्याकाळी सहाला लावतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि आईचा फोन साडेसातला वाजू लागतो. तोवर तिचा चहा झालेला असतो! ही गोळी उपाशीपोटी घ्यायची, कारण चहा-नाश्त्यासोबत ती नीट शोषली जात नाही. नोंद करताना भारताची वेळ निवडली की हा प्रश्न मिटतो, पण हे मुलांना सुचत नाही आणि आईला माहीत नसते.

माझे स्पष्ट मत असे, की वीजबिल, भिशी आणि गोळी एका यादीत ठेवू नये. अतिदक्षता विभागात यंत्रे सतत वाजत राहिली की कसलेल्या परिचारिकेचाही कान सरावतो. ‘अलार्म फटीग’ म्हणतात तो हाच. घरीही दिवसाला वीस सूचना आल्या की न वाचताच बोट फिरते. औषधांचे कॅलेंडर वेगळे ठेवा, त्याचा आवाजही वेगळा असू द्या. शिवाय यादीतल्या कामापुढे खूण केली म्हणजे गोळी पोटात गेली असे नव्हे. त्यासाठी सात कप्प्यांची साधी डबीच बरी. ती संगणकाशी जोडावी लागत नाही.

पुढच्या वेळी रुग्णालयात येताना केसपेपरबरोबर फोनवरची औषधांची यादीही उघडून ठेवा. दोन्ही ताडून पाहायला गर्दीच्या ओपीडीतही मिनिटभरच लागते.