रुग्णाची अवस्था वैमानिकाला सांगू नका

पिंगुळीजवळ महामार्गावर अपघात होऊन डोक्याला जबर मार लागला, की रुग्णाला स्थिर करून बहुधा गोव्याला, बांबोळीच्या रुग्णालयात न्यावे लागते. प्रवासात दोन तास सहज जातात. अशा वेळी नातेवाईक विचारतात, ‘‘डॉक्टर, हेलिकॉप्टर मेळतला काय?’’ प्रश्न रास्तच आहे. पण ते उडवायचे की नाही हे कोण ठरवणार, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

ऋषिकेशच्या ‘एम्स’ची हेलिकॉप्टर रुग्णसेवा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. १७ मे २०२५ रोजी तेच हेलिकॉप्टर रुग्णाला आणायला केदारनाथला गेले आणि उतरताना आदळून त्याची शेपटी मोडली. वैमानिक, डॉक्टर व परिचारक वाचले. महिनाभरात, १५ जूनला, गौरीकुंडजवळ यात्रेकरूंचे हेलिकॉप्टर खराब हवेत कोसळून सात जण गेले. आपल्याकडे पुण्यात बावधनजवळ २ ऑक्टोबर २०२४ च्या धुकट सकाळी तिघांचा बळी गेला.

अमेरिकेला हे धडे आधीच मिळाले होते. तिथे २००८ मध्ये रुग्णवाहू हेलिकॉप्टरांचे इतके अपघात झाले, की पुढच्याच वर्षी जाहीर सुनावणी घ्यावी लागली. २०१४ च्या नियमांनी डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा अशा हेलिकॉप्टरांत सक्तीची केली. मला मात्र तिथली एक साधी, बिनखर्चाची पद्धत अधिक मोलाची वाटते. वैमानिकाला रुग्णाचे वय किंवा आजार सांगितला जात नाही. कुठून कुठे जायचे आणि वजन किती, एवढेच कळवतात. हवा पाहून तो हो किंवा नाही म्हणतो. शिवाय डॉक्टर, परिचारक, वैमानिक यांपैकी एकानेही नकार दिला तर उड्डाण रद्द होते, कारण विचारले जात नाही.

यात आम्हा डॉक्टरांचीच अडचण आहे. ‘लहान मूल आहे हो, बघा ना काही जमतं का’ असे आम्ही फोनवर हमखास म्हणणार. ढग सह्याद्रीवर टेकलेले असताना त्या वाक्याने चौघांचा जीव जाऊ शकतो.

कोकणात ही सेवा आली तर या दोन्ही अटी कंत्राटातच लिहिलेल्या असाव्यात. प्रत्येक फेरीमागे पैसे न देता ठरावीक मासिक रक्कम द्यावी, म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्याचे नुकसान होणार नाही. जून ते सप्टेंबर बरेच दिवस उड्डाण होणार नाही, रात्री तर नाहीच, हे लोकांना आधीच सांगावे. त्या काळात १०८ ची गाडी आणि तिच्यातला प्राणवायूच कामाला येणार, म्हणून त्याच्या खर्चाला कात्री लावू नये.

आणि उतरण्याची जागा कुंपणाची हवी. हेलिकॉप्टर दिसले की अख्खा वाडा मैदानात धावतो, आणि शेपटीचा फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही.