बॅटरी उशाशी नको

माझा भाचा वर्ध्याला शिकतो, वसतिगृहात राहतो. मागच्या शनिवारी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आला. इशाची नमाज झाली, जेवणं झाली, आणि साहेबांनी स्कूटरची बॅटरी काढून आणली ती थेट आमच्या दारापाशी चार्जिंगला लावली.

“हे काय रे?”

“खाला, सकाळपर्यंत फुल होईल. होस्टेलवरही मी रात्रीच लावतो, पलंगाखाली.”

“वॉर्डन काही म्हणत नाहीत?”

“मनाई आहे. म्हणून तर पलंगाखाली!”

तो हसला. मला मात्र वसई आठवली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या एका घरात पहाटे चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि आठवडाभराने गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला एका इमारतीत खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं दुकान आणि वर हॉटेल होतं. रात्री खाली आग लागली, धूर वर चढला आणि आठ माणसं दगावली. वसतिगृहाची इमारत याहून किती वेगळी असते? खाली किंवा खोलीत बॅटरी, वर झोपलेली मुलं आणि बहुधा उतरायला एकच जिना.

या बॅटरीत लिथियमचे अनेक छोटे सेल असतात. एक बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, आणि मग ही साखळी थांबवणं कठीण. विषारी धूर निघतो. विझल्यासारखी वाटलेली आग काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

म्हणून घरी काय करायचं? बॅटरी झोपायच्या खोलीत, दारापाशी किंवा जिन्याखाली लावू नये. आपण जागे असताना, समोर असतानाच चार्ज करावी. आपल्या विदर्भाच्या उन्हात गाडी तापून आली, तर आधी सावलीत थंड होऊ द्यावी. चार्जर कंपनीनं दिलेलाच वापरावा. बॅटरी फुगली, पडली किंवा पाण्यात भिजली, तर चार्जिंग बंद करून सरळ मेकॅनिककडे न्यावी. आग लागलीच तर विझवत बसू नये. सगळ्यांनी बाहेर पडावं, दार ओढून घ्यावं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

वसतिगृहांनाही एक सांगणं आहे. नुसत्या मनाईनं बॅटरी जात नाही, ती पलंगाखाली लपते. मुलाला सकाळी कॉलेज गाठायचंच असतं. इमारतीपासून दूर, शेडखाली चार प्लग आणि तिथं लक्ष ठेवणारा एक माणूस, एवढं दिलं तर मनाई पाळली जाईल.

झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, अशी ताकीद आपल्या नबी (स.) यांनी दिली आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती हदीस आहे. तेव्हा दिवा होता, आज बॅटरी आहे.

त्या रात्री मी प्लग काढला. सकाळी बॅटरी अंगणात, सावलीत लावली. चार्ज होईपर्यंत भाच्याला शेजारी बसवून वॉर्डनसाहेबांच्या नावे अर्ज लिहून घेतला: पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय करावी. शुद्धलेखनाच्या चार चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. सोमवारी अर्ज दिला गेला. उत्तराची वाट पाहतो आहोत.

तुमचं लेकरू वसतिगृहात असेल, तर आज फोनवर जेवलास का विचाराल, तेव्हा एवढंही विचारा: बॅटरी कुठं लावतोस?