क्रुगर ते डर्बन : सहलीच्या पत्रकात नसलेली ठिकाणं

आपल्या समाजातली नोकरदार मुलं-मुली आता गट करून परदेशात फिरायला जाऊ लागली आहेत. ज्यांच्या आजोबांना गावात चपला हातात घेऊन चालावं लागलं, त्यांची नातवंडं पासपोर्टवर शिक्के मारून घेतात, ही साधी गोष्ट नाही. "पोरं चळवळ सोडून मजा मारतात" ही कुरकुर मला मान्य नाही. फिरणं हा आपला हक्क आहे. प्रश्न एवढाच की आपण कोणाच्या डोळ्यांनी फिरतो?

दक्षिण आफ्रिकेची सहल घ्या. आठ-दहा जणांनी गाडी भाड्याने घ्यायची, क्रुगर राष्ट्रीय उद्यानात सिंह-हत्ती बघायचे आणि दिवसभराचा रस्ता कापून डर्बनचा समुद्र गाठायचा. सहलीच्या पत्रकात काय असतं? प्राणी, समुद्र आणि पीटरमारित्झबर्गचं ते स्टेशन, जिथे 1893 साली गांधींना गाडीतून उतरवलं गेलं. संपला इतिहास! या रस्त्यावर आपल्यासाठी जे आहे, ते पत्रकात नाही.

क्रुगरमधल्या मुख्य कॅम्पचं नाव स्कुकुझा. तिथले पहिले गोरे वॉर्डन जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना स्थानिक लोकांनी हे नाव दिलं होतं. त्याचा एक अर्थ 'झाडून साफ करणारा' असा सांगतात. साफ काय केलं? त्या रानात राहणारी माणसं! 1926 साली उद्यान जाहीर झालं, तरी हाकलणं थांबलं नाही. 1969 साली उत्तरेकडच्या पाफुरी भागातून माकुलेके समाजाला बंदुकीच्या धाकावर उठवलं गेलं आणि त्यांच्याच हातांनी त्यांची घरं जाळायला लावली.

पण माकुलेके रडत बसले नाहीत. वर्णभेदी राजवट गेल्यावर त्यांनी जमिनीचा दावा लावला आणि 1998 साली सुमारे 24,000 हेक्टर जमिनीची मालकी परत मिळवली. त्यांनी जंगल तोडलं नाही. जमीन उद्यानातच ठेवली, पण मालक म्हणून पर्यटनाच्या उत्पन्नात वाटा घेतला. "माणूस हवा की वाघ?" हा प्रश्नच खोटा आहे, याचा हा जिवंत पुरावा. खरा प्रश्न मालकीचा आहे. ताडोबा-मेळघाटातून उठवलेल्या आदिवासींबद्दल बोलताना, 2006 चा वनहक्क कायदा हातात घेताना, हे उदाहरण आपल्या तोंडावर असलं पाहिजे.

पुढे डर्बनच्या वाटेवर किनारपट्टीला उसाची शेतं लागतात. गोऱ्या मळेवाल्यांच्या या उसासाठी भारतातून गिरमिटिया मजूर नेले गेले. पहिलं जहाज, ट्रुरो, 16 नोव्हेंबर 1860 ला मद्रासहून डर्बनला लागलं. 1911 पर्यंत दीड लाखांहून अधिक माणसं गेली. जहाजाच्या नोंदवहीत नाव, वय, गाव यांच्यासोबत जातही लिहिलेली असे. समुद्र ओलांडला तरी जात सोबत आलीच!

आणि त्याच डर्बनमध्ये गांधींच्या नाताळ इंडियन काँग्रेसने काय मिळवलं? टपाल कार्यालयाला दोन दारं होती, एक गोऱ्यांचं आणि एक काळ्यांचं. भारतीयांना काळ्यांच्या दारातून जावं लागे. काँग्रेसने तक्रार केली आणि भारतीयांसाठी तिसरं दार मिळालं. दारांची वाटणी मोडायची की आपल्यापुरतं वेगळं दार मागायचं? स्टेशनवरचा पुतळा दाखवणारा गाइड हा प्रश्न विचारत नाही. महाडचं चवदार तळं आठवा. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी वेगळा पाणवठा मागितला नव्हता.

डर्बनच्या ज्या वाळूवर आपण सेल्फी काढतो, तिथे 1989 पर्यंत 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या होत्या. आणि त्या किनाऱ्यापासून जवळच्या संमेलन केंद्रात 2001 साली संयुक्त राष्ट्रांची वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली. भारतातून गेलेल्या दलित कार्यकर्त्यांनी तिथे जातीचा प्रश्न जगासमोर मांडला. भारत सरकारने विरोध केला. म्हणे, जात म्हणजे वंश नव्हे! अहो, जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनीच सांगितलं आहे. पण 1965 च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात जन्मावरून होणारा भेदही येतो, आणि तो शब्द भारताच्याच सूचनेवरून आलेला. डर्बनच्या अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. पण पुढच्याच वर्षी या कराराच्या समितीने स्पष्ट केलं की जन्माधारित भेदात जात मोडते. डर्बन आपल्या लढ्याचं गाव आहे, आणि आपल्याच पोरांना ते माहीत नाही.

कोणी म्हणेल, "दोन दिवस फिरायला गेलो, तिथेही चळवळच का?" 1934 साली सहकाऱ्यांनी आग्रह केला म्हणून बाबासाहेबही सहलीला निघाले होते. तीसेक माणसं, वेरूळची लेणी, वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या टाक्यातल्या पाण्याने तोंड-पाय धुतले आणि पाणी बाटवलं म्हणून तिथल्या मुसलमानांनी त्यांना घेरलं. शेवटी पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, सोबत पहारेकरी देऊन आत सोडलं. बाबासाहेबांनी तो प्रसंग लिहून ठेवला, म्हणून तो आज जगाला माहीत आहे. अस्पृश्याच्या वाट्याला निव्वळ सहल कधी आलीच नव्हती. आज आपल्या वाट्याला ती आली असेल, तर डोळे मिटून फिरण्याइतके आपण मोठे झालेलो नाही.

एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. तिकडे गेल्यावर काळ्या ड्रायव्हरला, हॉटेलातल्या बाईला आपल्यातलेही काही जण नाकं मुरडतात, "काळे लोक, जपून राहा" म्हणतात. बाबासाहेबांनी 1946 साली ड्युबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या लढ्याशी नातं जोडलं. 1972 साली आपल्या पँथरने नावच त्यांच्याकडून घेतलं. त्यांच्यासमोर सवर्णाची नजर घेऊन उभं राहणं ही मनुस्मृतीचीच चाकरी आहे.

म्हणून जा, जरूर जा. सिंह बघा, समुद्रात डुंबा. पण गाडीत बसण्याआधी गटाने एक संध्याकाळ या इतिहासाला द्या. माकुलेकेंच्या जमिनीवर मुक्काम करा, म्हणजे पैसा मालकांच्या हाती जाईल. डर्बनच्या त्या संमेलन केंद्रासमोर उभं राहून एक फोटो काढा आणि 2001 साली इथे काय घडलं ते त्याखाली लिहा. आपला इतिहास गाइड सांगणार नाही, तो आपणच सांगायचा आहे.

जय भीम!